झाकण आधी, घुबड नंतर

गेल्या अंकात या सदरात एका घुबडाचा फोटो छापला होता. मातीची बरणीच ती, पोट पुढे काढून बसलेली, डोकं हेच झाकण, ते उचललं की आत लवंगा. त्यानंतर जेवढी पत्रं आणि मेसेज आलेत ते बहुतेक सगळे एकाच गोष्टीबद्दल आहेत, ती म्हणजे झाकण. कुणाचं सैल झालं, कुणाचं चिकटलं, कुणाचं वाकडं झालं. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि सगळं पान या झाकणाच्या बरण्यांनाच दिलंय.

प्रश्न : मी हाताने दाबून दाबून घुबडाची बरणी केली. बरणी छान झाली, पण डोकं करायला वेळच मिळाला नाही म्हणून ते आठवड्याने उरलेल्या मातीतून केलं, अगदी पट्टीने मोजून. भाजून आल्यावर डोकं बरणीच्या आत पडतंय! मोजण्यात काय चुकलं असेल? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, मोजण्यात काहीच चुकलं नाही, दिवस चुकला. माती वाळताना आकसते आणि भाजताना परत एकदा आकसते, स्टोनवेअरची माती (खूप उंच तापमानाला पक्की भाजायची ती) ओली असल्यापासून पक्की भाजून निघेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के लहान होते. आपण १२ धरू. तुम्ही बरणी केली तेव्हा तोंड १० सेंमी होतं असं समजा, आठवडाभर वाळून ते ९.४ झालं, आणि तुम्ही पट्टी लावली ती या ९.४ ला. मग ओल्या मातीचं डोकं पण ९.४ चं केलंत. आता बरणीला थोडंच आकसायचं राहिलंय, ती ८.८ वर येऊन थांबणार, पण डोक्याला मात्र अख्खे १२ टक्के आकसायचेत, ते जातं ८.३ वर. झाला की नाही अर्ध्या सेंमीचा फरक? तेवढ्यानेच घुबडाचं डोकं आत पडतं.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, आणि पुढचे सहा महिने तीच सांगत राहते. झाकण आणि भांडं ही जुळी भावंडं आहेत. एकाच मातीतून, एकाच दिवशी, एकाच ओलीत करायची, झाकण बसवूनच वाळवायची आणि झाकण बसवूनच भाजायची. एकाला गॅलरीत उन्हात आणि दुसऱ्याला घरात सावलीत ठेवलंत तरी जुळत नाहीत. वेळ कमी असेल तर घुबडाची पिसं राहू देत, चोच राहू दे, ते सगळं दोन दिवसांनी प्लॅस्टिकखालून काढून करता येतं, पण झाकण त्याच बैठकीत झालं पाहिजे.

घरी कुंभाराचं चाक नसलेल्यांसाठी सगळ्यात सोपी आणि खात्रीची पद्धत सांगते, तुमचं पुढचं घुबड असं करून बघा. मातीच्या दोन वाट्या दाबून करा, भिंत ६-७ मिमी जाड, सगळीकडे सारखी. दोन्हीच्या काठांवर काट्याने चरे पाडा, त्याच मातीचा दाट घोळ लावा (स्टुडिओत याला स्लिप म्हणतात) आणि वाटीवर वाटी पालथी घालून जोडून टाका. हा झाला बंद चेंडू. आत हवा कोंडलेली असल्यामुळे तो खचत नाही, लाकडी पळीच्या पाठीने थोपटून थोपटून हवा तसा गोल, लांबट, ढेरपोट्या करा. मग पातळ प्लॅस्टिकखाली ठेवून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती लेदर हार्ड होते, म्हणजे नखाने दाबलं तर खूण उठते पण आकार हलत नाही. आता पातळ सुरीने डोकं कापा. सुरी आडवी सरळ चालवायची नाही, टोक आत आणि खाली रोखून तिरकी चालवायची, कलिंगडवाला कलिंगड लाल आहे का दाखवायला जसा तिरका तुकडा काढतो तसं. तिरक्या कापामुळे झाकण आत पडूच शकत नाही. आणि कापताना एका ठिकाणी, चोचीच्या खाली म्हणा किंवा मानेपाशी, एक छोटा त्रिकोणी खाचा घ्या. त्यामुळे झाकण एकाच बाजूने बसतं आणि घुबडाचं तोंड पाठीकडे जात नाही. डोकं कापून काढल्यावर त्याच्या आतून, काठापासून थोडं मागे सरकून, एक सेंमी रुंदीची पट्टी गोल जोडा, ती बरणीच्या तोंडात उतरते आणि झाकण घसरत नाही. ही पट्टी आणि बरणीची भिंत यांच्यात एक-दीड मिमी जागा सोडा. ओल्या मातीत ती सैल वाटते, पण लागते.

एकाच चेंडूतून दोन्ही कापल्यामुळे माती, ओल, जाडी सगळं आपोआप सारखं राहतं, म्हणून ही पद्धत मला एवढी आवडते. मोजपट्टी लागतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे चाक नाही, भट्टी तर नाहीच. मायक्रोवेव्हमध्ये किंवा घरच्या ओव्हनमध्ये भाजलं तर चालेल का? यूट्यूबवर काही जण करताना दिसतात. – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही चालणार. दादा, घरचा ओव्हन फार तर २५० डिग्रीपर्यंत जातो, तेवढ्यात मातीतलं पाणी उडतं आणि ती कडक लागते एवढंच. मातीच्या आत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी असतं ते साधारण ४५० ते ६०० डिग्रीच्या दरम्यान निघून जातं, त्यानंतरच ती माती पुन्हा चिखल होत नाही. ओव्हनमध्ये भाजलेला डबा बादलीत टाकून ठेवा, सकाळी तळाशी गाळ असेल. आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत लेप, ती तर काचच, तिला वितळायला १००० च्या वर उष्णता पाहिजे.

मग काय करायचं? घरी बनवायचं आणि भाजायला बाहेर द्यायचं. मोठ्या शहरांतले बरेच पॉटरी स्टुडिओ बाहेरच्यांच्या वस्तू भट्टीत लावून देतात, जागेच्या हिशोबाने पैसे घेतात. देण्याआधी मात्र विचारा की तुम्ही ग्लेझ किती डिग्रीला भाजता आणि ही माती त्यात चालेल का. हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण कुंभारवाड्यातून आणलेली लाल माती १००० च्या आसपास छान भाजते, पण तीच १२२० च्या स्टोनवेअर भट्टीत गेली तर फुगते, खचते, प्रसंगी वितळून खालच्या शेल्फला चिकटते आणि दुसऱ्यांच्या वस्तूंचंही नुकसान होतं. पिशवीवर मातीचं नाव लिहून ठेवायची सवय लावा.

दुसरा रस्ता गावच्या कुंभाराचा. आव्यात, म्हणजे त्याच्या उघड्यावरच्या भट्टीत, साधारण ७०० ते ९०० डिग्री मिळतात, त्यात ग्लेझ होणार नाही पण बिनग्लेझचा लाल डबा मस्त होतो. सुकं सामान, उदबत्त्या, सुया-दोरे, नाणी काहीही ठेवा. आणि आव्याशी बसून जे शिकायला मिळतं ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही, कुठलं मडकं कुठे लावायचं, धूर कधी पांढरा होतो, सगळं. हात जोडून विचारलंत तर बहुतेक जण प्रेमाने सांगतात, मला सांगितलंय.

छोटी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग आणि हवा खेळती असलेली जागा, या चार गोष्टी असल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : माझं वय ५८. मी बेडूक, कासव, दाढीवाले म्हातारे अशा झाकणाच्या बरण्या करते. घरचे म्हणतात हे लहान मुलांचं काम, काहीतरी उपयोगाचं कर. तुम्हाला काय वाटतं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काकू, बेडूक सोडू नका. इंग्लंडमध्ये मार्टिन आडनावाचे चार भाऊ होते, १८७३ मध्ये त्यांनी लंडनला काम सुरू केलं आणि नंतर साउथॉलला गेले. त्यातला थोरला रॉबर्ट वॉलेस, तो मूळचा शिल्पकार, त्याने पक्षी केले. पक्षी म्हणजे मातीच्या बरण्याच, डोकं हे झाकण, आत तंबाखू ठेवायची. पण प्रत्येक पक्ष्याचा चेहरा असा की वाटतं हा आपल्या गल्लीतलाच कुणीतरी आहे, एक डोळे बारीक करून बघतोय, एकाला काहीतरी लपवायचंय, एक नुसता वैतागलाय. एक भाऊ चाक आणि भट्टी सांभाळायचा, एक नक्षी करायचा, एक दुकान बघायचा. भट्टी मिठाची, म्हणजे आग पूर्ण चढली की आत मीठ टाकायचं, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी, म्हणजे वितळून काच होणाऱ्या भागाशी, मिळून संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत ग्लेझ तयार होतं. (हे घरी कुणी करू नका, त्यातून ॲसिडचा धूर निघतो.) आज ते पक्षी म्युझियममध्ये आहेत, लोक लाखो रुपये मोजून घेतात. त्या वॉलेसने आयुष्यभर हेच केलं, आणि अगदी मन लावून केलं, म्हणून ते चेहरे आजही जिवंत वाटतात.

उपयोगाचं म्हणाल तर झाकणाची बरणी घरात सगळ्यात जास्त हाताळली जाते. रोज सकाळी साखर काढताना बेडकाचं डोकं उचलायचं, यात जे बरं वाटतं ते मी तरी उपयोगातच धरते.

एक सांगू का, चेहरा करताना डोळ्यांच्या वरची पापणी वेगळी लावा. मातीची चपटी चकती, अर्धी कापून, डोळ्याच्या गोळीवर थोडी पुढे आलेली. ती जरा खाली ओढली की पेंगुळलेला, बाहेरून खाली तिरकी केली की केविलवाणा, आतून खाली केली की रागावलेला. सगळा स्वभाव त्या पापणीत असतो. चोच किंवा तोंड नंतर.

प्रश्न : साखरदाणी ग्लेझ करून दिली आणि झाकण भांड्याला पक्कं चिकटून आलं. आता उघडेल का? आणि पुढच्या वेळी काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी उघडायचं बघू. मांडीवर जाड टॉवेल घ्या, भांडं त्यात धरा, आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने झाकणाच्या कडेवर हलके हलके टकटक करत गोल फिरा. वरून नाही, बाजूने. एका जागी जोर लावायचा नाही. माझ्या एका हत्तीच्या साखरदाणीचं असंच झालं होतं, कानावर ग्लेझ जाड बसलं, भट्टीत ओघळलं आणि एक थेंब बरोब्बर झाकणाच्या बैठकीत गेला. मी गोल फिरत फिरत पाचव्या चकरेला होते तेव्हा आवाज बदलला, ठक ठक चाललं होतं ते एकदम पोकळ टण्ण झालं, आणि झाकण हातात आलं. कडेचा टवका गेला, तो पाण्यात भिजवलेल्या कार्बोरंडमच्या दगडाने घासून गुळगुळीत केला. पण ताई, प्रत्येक वेळी निघेलच असं नाही, काही वेळा फुटतं, त्याची तयारी ठेवून बसा. आणि काचेचे कण उडतात, चष्मा घालूनच करा.

आता पुढच्या वेळचं. ग्लेझ ही काच आहे आणि दोन काचा एकमेकींना टेकून वितळल्या की एक होतात. म्हणून झाकण भांड्याला जिथे टेकतं ती बैठक, तिच्या वरखाली २-३ मिमी, आणि आतल्या पट्टीची बाहेरची बाजू इथे ग्लेझचा कण राहता कामा नये. त्यासाठी पहिल्या भाजणीनंतर, म्हणजे बिस्कनंतर, त्या जागेवर मेण लावतात. वॅक्स रेझिस्ट म्हणून बाटली मिळते, ती नसेल तर साधी मेणबत्ती डब्यात घालून डबा गरम पाण्यात ठेवून वितळवा आणि जुन्या ब्रशने लावा, तो ब्रश मग त्याच कामाला ठेवायचा. मेणावर ग्लेझ बसत नाही, थेंब थेंब होऊन राहतं. ते थेंब पण पुसायचे, इथेच बहुतेक लोक आळस करतात. ओला स्पंज पिळून घ्या, तर्जनीवर गुंडाळा आणि बैठकीवरून एकदा फिरवा, स्पंज धुवा, पुन्हा फिरवा. तिसऱ्यांदा स्पंज स्वच्छ आला की झालं. मी यानंतर पण झाकण उलटं करून उजेडात तिरकं धरून बघते, ग्लेझची पावडर सुकल्यावर पिठासारखी दिसते, ती लगेच कळते.

स्टोनवेअरच्या तापमानाला नुसती माती मातीला टेकली तरी थोडी धरते, म्हणून बैठकीवर लावायच्या मेणात चिमूटभर ॲल्युमिना हायड्रेट घालतात. ते त्या तापमानाला वितळत नाही, मध्ये पीठ भुरभुरावं तसं काम करतं. आणि हो, झाकण बसवूनच भाजायचं हे ग्लेझच्या भट्टीला पण लागू, वेगळं भाजलं की दोघं आपापल्या मर्जीने वाकतात.

प्रश्न : ग्लेझमध्ये काय काय असतं, फ्लॅटमध्ये लहान मुलं असताना घरी लावलं तर चालतं का? आणि त्या बरणीत लोणचं ठेवता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मूळ तीन गोष्टी. सिलिका म्हणजे काच होणारी, ॲल्युमिना म्हणजे ती काच ओघळू न देणारी, ही चिनी मातीतून येते, आणि फ्लक्स म्हणजे सिलिकाला लवकर वितळायला लावणारी, फेल्डस्पार, खडूची पावडर वगैरे. रंग धातूंचे, लोहाने तपकिरी, तांब्याने हिरवा, कोबाल्टने निळा.

घरी चालतं, पण सुक्या पावडरी घरात आणू नका असं मी अगदी आग्रहाने सांगेन. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही, सिलिकोसिस त्यानेच होतो. तयार, कालवलेलं ग्लेझ घ्या, ज्यावर लेडफ्री (शिसं नसलेलं) आणि फूडसेफ (खाण्याच्या भांड्यांना चालणारं) लिहिलंय ते. जमिनीवर वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिक घाला, सांडलेलं झाडूने कधीच झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. सुकलेली माती पॉलिश पेपरने घासायची असेल तर ओल्या स्पंजनेच गुळगुळीत करा, धूळच होत नाही. ब्रश आणि स्पंज सिंकमध्ये धुऊ नका, पाइप बंद पडेल. बादलीत धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओता, गाळ साठवा. डबे-वाट्या स्वयंपाकघरातल्या वापरल्या तर त्या परत स्वयंपाकघरात जात नाहीत. मुलांना माती खुशाल द्या, ग्लेझ देऊ नका.

लोणच्याचं थोडं सविस्तर. लोणचं म्हणजे आंबट आणि मीठ, तेही वर्षभर, ग्लेझची यापेक्षा कडक परीक्षा नाही. आपल्या आजीच्या पांढऱ्या-तपकिरी चिनीमातीच्या बरण्या स्टोनवेअरच्या असायच्या, माती स्वतःच इतकी भाजलेली की पाणी झिरपत नाही, म्हणून त्यावर दादरा बांधून फळीवर ठेवलं की पुढच्या कैऱ्या येईपर्यंत काळजी नसे. घरच्या बरणीत लोणचं ठेवायचं असेल तर माती स्टोनवेअर, आतून साधं पांढरं किंवा पारदर्शक ग्लेझ, हिरवं तांब्याचं आतून अजिबात नको, आणि ग्लेझला बारीक जाळीदार तडे नकोत. मग लिंबाची फोड आत एका जागी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी त्या जागेचा रंग किंवा चमक बदललेली दिसली तर त्या बरणीत लोणचं नाही. पण नाही बदलली म्हणजे सगळं ठीक असं पण समजू नका, ही चाळणी जाड आहे, लेडफ्रीची खात्री विकत घेतानाच करायची. लाल मातीच्या बरणीत, वरून कितीही सुंदर ग्लेझ असू दे, लोणचं नकोच, तिथे बडीशेप ठेवा.

प्रश्न : पिसं, खवले असं बारीक काम केलेलं ग्लेझमध्ये बुजून जातं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाड ग्लेझ त्यावर घालूच नका. बिस्क झालेल्या घुबडावर लोहाचं ऑक्साइड पाण्यात कालवून, चहाच्या पाण्याइतकं पातळ, सगळीकडे लावून टाका, घुबड काळपट लाल होईल, घाबरू नका. मग ओल्या स्पंजने वरवर पुसा. उंच भाग स्वच्छ होतो आणि पिसांच्या चरांत रंग राहतो, आणि अचानक प्रत्येक पीस वेगळं दिसायला लागतं, मला हा क्षण अजूनही प्रत्येक वेळी आवडतो. त्यावर पारदर्शक ग्लेझचा एकच पातळ हात. किंवा पिसांना ग्लेझच नको, फक्त डोळे आणि चोच चमकवा, पोट खडबडीत ठेवा. हाताला पण छान लागतं. (आपला गेरू हा पण लोहाच्या ऑक्साइडचीच माती आहे, पण बाजारातल्या गेरूत काय मिसळलंय सांगता येत नाही, आधी एका तुकड्यावर भाजून बघा.)

प्रश्न : पावसाळ्यात कानाला, शेपटीला तडे जातात, आणि एक कासव तर भट्टीत फुटलं. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. तडे जातात कारण शेपटी बारीक, ती आधी वाळून आकसते आणि अंग अजून ओलं असतं, मग सांध्यावर ताण येतो. कान, शेपटी, पाय यांच्यावर ओल्या टिश्यूची पट्टी गुंडाळून वर प्लॅस्टिक टाका, अंग उघडं ठेवा, म्हणजे दोघं बरोबर वाळतात. आणि जोडताना दोघांची ओल सारखी पाहिजे, वाळलेल्या अंगाला ओली शेपटी कितीही घोळ लावून जोडा, ती गळणारच.

कासव फुटलं ते आत ओल राहिली म्हणून. १०० डिग्रीला पाण्याची वाफ होते, तिला जाड मातीतून वाट मिळाली नाही की ती माती फोडून जाते. एक सेंमीपेक्षा जाड काही ठेवू नका, पाय-डोकं आतून पोकळ करा आणि प्रत्येक पोकळीला सुईने भोक पाडा, खालच्या बाजूला, दिसत नाही. कोकणात पावसाळ्यात तर तीन आठवडे पण कमी पडतात. वाळलंय का हे बघायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर अजून पाणी आहे, खोलीसारखंच लागलं तर द्या भट्टीला. डोळ्याला पांढरं दिसलं म्हणून फसू नका.

प्रश्न : ग्लेझ काही ठिकाणी आकसून गोळे झालं, खाली माती उघडी पडली. – एक वाचक, ठाणे

उत्तर : धूळ किंवा तेलकट हात. हाताला क्रीम लावून बिस्क उचललं असेल. ग्लेझच्या आधी ओल्या स्पंजने पुसा, तासभर वाळू द्या. आणि जाडी टाचणीने चरा पाडून बघा, एक मिमीच्या आसपास असावी.

प्रश्न : अजून काहीच केलेलं नाही. पहिल्यांदा कुठला प्राणी करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : बेडूक. मान नाही, शेपटी नाही, लांब कान नाहीत, म्हणजे तडे जायला जागाच कमी. चेंडू करा, थोडा चपटा थोपटा, मधोमध तिरका कापा, तोंडाची फट तीच. डोळे झाकणावर लावा, दोन टपोरे गोळे, चांगले खोल चरे पाडून आणि घोळ लावून, कारण झाकण उचलायची मूठ पण तेच होणार आहेत.